खाऊच्या ब्रँडचा खेळ: मुलांच्या मोबाइलमधली न दिसणारी जाहिरात

ऑगस्ट २०२५मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगविषयीचा कायदा मंजूर केला, २२ ऑगस्टला राष्ट्रपतींनी त्याला संमती दिली आणि पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ देशभर बेकायदेशीर ठरले. तेव्हापासून घरोघरी मुलांच्या हातातले फोन तपासले जाऊ लागले. ही तपासणी साधारणपणे दोन प्रश्नांवर चालते: खेळात पैसे लागतात का आणि त्यात मारामारी आहे का. दोन्हींचे उत्तर ‘नाही’ आले की खेळ निर्धोक मानला जातो. या चाळणीतून एका प्रकारचे खेळ विनासायास पार होतात, कारण ते मोफत असतात, रंगीत असतात, त्यांत रक्ताचा थेंब नसतो आणि त्यांच्यावर आपल्या ओळखीच्या बिस्किटाचे, चॉकलेटचे किंवा शीतपेयाचे नाव असते. अशा खेळांना तिसरा प्रश्न विचारावा लागतो, आणि तो विचारण्यासाठी हे खेळ कसे काम करतात हे आधी समजून घ्यावे लागते.

हा प्रकार नेमका काय आहे

एखाद्या उत्पादनाचा प्रचार करण्यासाठीच मुद्दाम तयार केलेल्या व्हिडिओ गेमला जाहिरात व्यवसायात ‘अ‍ॅडव्हरगेम’ म्हणतात. या लेखात त्याला जाहिरात-खेळ म्हटले आहे. एखादा साधा खेळ खेळताना दोन पातळ्यांच्या मध्ये जी अर्ध्या मिनिटाची जाहिरात लागते, ती वेगळी. तिथे खेळ एकाचा असतो आणि जाहिरात दुसऱ्याची. जाहिरात-खेळात असा सांधा कुठेच नसतो.

पुणेकरांना हा फरक गणेशोत्सवावरून चटकन लक्षात येईल. उत्सवाच्या दिवसांत रस्त्यावर मंडळांच्या कमानी उभ्या राहतात आणि त्यांवर बांधकाम व्यावसायिकांपासून मसाल्यांपर्यंत सगळ्यांच्या जाहिराती असतात. कमान म्हणजे जाहिरात हे शाळकरी मुलालाही कळते, आणि कमानीखालून पुढे जाऊन देखाव्यासमोर उभे राहिले की ती जाहिरात मागे पडते. खाऊच्या ब्रँडच्या खेळाला कमान नसते. तिथे देखावाच जाहिरातीचा असतो, आणि मूल तो नुसता पाहत नाही, तर त्यातले एक पात्र होऊन तो स्वतः चालवते.

चाळीस वर्षांची परंपरा

ही कल्पना मोबाइलबरोबर आलेली नाही. अमेरिकेत १९८३मध्ये ‘कूल-एड’ या, आपल्याकडच्या रसनासारख्या, पाण्यात मिसळायच्या गोड पेयाच्या नावाने घरगुती खेळयंत्रांसाठी खेळ निघाला, आणि पेयाच्या पाकिटांवरचे खरेदीचे पुरावे साठवून पाठवल्यास तो मिळवता येत असे. १९९०च्या दशकात सेव्हन-अप, मॅकडोनाल्ड्स, चीटोज यांच्या बोधचिन्हांतील पात्रे नायक झाली. १९९६मध्ये ‘चेक्स’ या नाश्त्याच्या सिरियलच्या (दुधात घालून खायच्या धान्याच्या कुरकुरीत तुकड्यांच्या) खोक्यातून ‘चेक्स क्वेस्ट’ नावाच्या खेळाची सीडी वाटण्यात आली. तो खेळ त्या काळी हिंसक म्हणून गाजलेल्या ‘डूम’च्याच संगणकीय सांगाड्यावर बांधलेला होता, पण त्यात कोणी मरत नसे: शत्रूंना फक्त त्यांच्या मूळ जगात परत पाठवले जाई. नायकाचे चिलखत मात्र सिरियलच्या चौकोनी, जाळीदार तुकड्याच्या आकाराचे होते. कुटुंबाला चालेल असा खेळ आणि उत्पादनाची जाहिरात यांची इतकी बेमालूम सांगड क्वचितच घातली गेली असेल. २००६मध्ये बर्गर किंगने जेवणाबरोबर जवळपास चार डॉलरला एक याप्रमाणे तीन खेळ विकायला काढले आणि त्यांच्या वीस लाखांहून अधिक प्रती खपल्या, म्हणजे तिथे लोकांनी जाहिरात पैसे देऊन घरी नेली.

इंटरनेट आल्यावर प्रत वाटण्याचा खर्चच संपला. अमेरिकेतील कायझर फॅमिली फाउंडेशनने २००६मध्ये मुलांसाठीच्या खाद्यब्रँडच्या ७७ वेबसाइट तपासल्या, तेव्हा त्यांपैकी ७३ टक्के ठिकाणी असे खेळ आढळले आणि खेळांची एकूण संख्या ५४६ भरली. आता वेबसाइटची जागा अ‍ॅपने घेतली आहे. बारामतीच्या एमआयडीसीतील कारखान्यात तयार होणाऱ्या किंडर जॉयचेच उदाहरण घेता येईल. त्यातल्या खेळण्यासोबतच्या कागदावरील कोड फोनने स्कॅन केला की ते खेळणे कंपनीच्या ‘अप्लेडू’ या अ‍ॅपमध्ये अवतरते. अ‍ॅप मोफत आहे, त्यात तिऱ्हाइतांच्या जाहिराती नाहीत आणि आतमध्ये काही विकत घ्यावे लागत नाही, असे कंपनी सांगते. बाजारातल्या अनेक मोफत खेळांपेक्षा ही स्थिती नक्कीच बरी आहे. तरीही पुढचे खेळणे अ‍ॅपमध्ये आणायची वाट दुकानातूनच जाते, हे पालकांच्या ध्यानात असावे.

गुण कशाचे मिळतात, ते पाहा

कोणताही खेळ मुलाला काय शिकवतो, हे त्याच्या गोष्टीपेक्षा त्याच्या गुणांच्या हिशेबातून अधिक स्पष्ट दिसते. खेळात जिंकायचे तर कशाला किती गुण आहेत हे मुलाला ओळखावे लागते, आणि मुले ते फार लवकर ओळखतात. म्हणून जाहिरात-खेळातला संदेश वाक्यात नसतो, नियमात असतो.

‘फ्रूट लूप्स’ या साखरयुक्त सिरियलच्या एका खेळात राक्षसांच्या तोंडात खाद्यपदार्थ फेकायचे होते. सिरियलचा तुकडा तोंडात गेला तर १० गुण आणि फळ गेले तर ५ गुण! खेळात कुठेही ‘फळापेक्षा सिरियल चांगले’ असे लिहिलेले नव्हते. तसे लिहिले असते तर एखाद्या पालकाने हरकत घेतली असती, एखाद्या नियामकाने पुरावा मागितला असता. गुणांच्या हिशेबाला मात्र कोणी पुरावा मागत नाही, आणि ज्या मुलाला जिंकायचे आहे ते सिरियलच्या मागे धावणार हे उघड आहे.

दुसरे उदाहरण अधिक ठळक आहे, कारण ते कायद्यापर्यंत पोहोचले. ‘गेटोरेड’ या पेयाच्या कंपनीने २०१२मध्ये धावपटू उसेन बोल्टला नायक करून मोबाइलवरचा एक खेळ काढला. त्यात धावताना गेटोरेड मिळाले की वेग वाढे आणि पाणी लागले की वेग कमी होई. पाणी हा अडथळा होता, तो टाळायचा होता. कॅलिफोर्निया राज्याच्या अ‍ॅटर्नी जनरलने यावर कारवाई केली आणि सप्टेंबर २०१७मध्ये कंपनीने ३ लाख डॉलर देऊन तडजोड केली, शिवाय पाण्याला कमी लेखणारी विधाने न करण्याचे मान्य केले. तहान लागल्यावर पाणी पिऊ नये असे कोणत्याही जाहिरातीत उघडपणे म्हणता आले नसते. खेळात ते म्हटले गेले आणि मुलांनी ते बोटांनी गिरवले.

मुलाच्या मनात काय घडते

जाहिरात ही जाहिरात आहे हे ओळखल्यावर मोठ्या माणसाच्या मनात एक सावधपणा जागा होतो. हे आपल्याला काहीतरी विकू पाहत आहेत, म्हणून थोडे बाजूला ठेवून ऐकावे, असे तो न बोलता ठरवतो. ही क्षमता जन्मजात नसते. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या तज्ज्ञगटाने २००४मध्ये उपलब्ध संशोधनाचा आढावा घेऊन सांगितले की, साधारण आठ वर्षांखालील मुलांना जाहिरातीमागचा पटवण्याचा हेतू समजत नाही आणि ती सांगितलेले खरे मानतात. हा निष्कर्ष प्रामुख्याने टीव्हीच्या जाहिरातींबाबत होता, जिथे जाहिरात निदान कार्यक्रमापासून वेगळी दिसते. खेळात ती वेगळी दिसतच नाही.

त्यात खेळताना सगळे लक्ष हात आणि डोळे यांच्या कामात गुंतलेले असते. उडी केव्हा मारायची, कुठे वळायचे, किती सेकंद उरले या विचारात, हे चित्र इथे कोणी आणि का ठेवले असा प्रश्न पडायला मनात जागा उरत नाही. दुसरीकडे जिंकल्याचा आनंद तर होतच असतो, आणि तो आनंद ज्या चित्राशी, ज्या रंगाशी, ज्या नावाशी वारंवार जोडला जातो, त्याला हळूहळू चिकटतो. पुढे दुकानात ते पाकीट समोर आले की हा आनंद आधी आठवतो, घटकपदार्थांची यादी त्यानंतर येते, आणि सात वर्षांच्या मुलाच्या बाबतीत ती येतच नाही. टीव्हीवरची जाहिरात तीस सेकंदांत संपते आणि त्या वेळात मूल पाणी प्यायला उठूही शकते. खेळ मात्र मूल आपणहून दहा-वीस मिनिटे चालू ठेवते आणि हरले की पुन्हा पहिल्यापासून सुरू करते. कंपनीला दुसऱ्या कोणत्याही माध्यमात इतके लांब आणि इतके राजीखुशीचे लक्ष विकत मिळत नाही.

‘पण मुलांना कळते की ही जाहिरात आहे’

हा आक्षेप रास्त आहे, विशेषतः नऊ-दहा वर्षांच्या चुणचुणीत मुलांच्या बाबतीत. त्यांना विचारले तर ती कंपनीचे नावही सांगतील आणि कंपनीला आपला माल खपवायचा आहे हेही सांगतील. पण कळणे आणि त्या कळण्याने सावध होणे यांत अंतर आहे. वर सांगितलेल्या फ्रूट लूप्सच्या खेळावर ऑस्ट्रेलियात पाच ते आठ वर्षांच्या मुलांचा अभ्यास झाला आणि तो २००७मध्ये प्रसिद्ध झाला. खेळ खेळलेल्या मुलांपैकी वयाने मोठ्या मुलांची त्या सिरियलची आवड इतर सिरियलच्या तुलनेत वाढलेली दिसली, आणि खेळामागचा हेतू ओळखणाऱ्या मुलांवर तो परिणाम कमी झाल्याचे आढळले नाही. मोठ्या मुलांना खेळ नीट खेळता येतो, म्हणून त्यांच्यावर त्याचा प्रभाव अधिक पडत असावा, असे मला वाटते. म्हणून ‘ही जाहिरात आहे’ अशी एक ओळ पडद्याच्या कोपऱ्यात छापून प्रश्न सुटेल, या उपायावर माझा फारसा विश्वास नाही.

‘मग फळांचाच खेळ काढावा’

जर खेळातून सिरियल खपते, तर त्याच युक्तीने केळी आणि सफरचंदे का खपू नयेत, असा विचार अनेक सद्हेतूने काम करणाऱ्यांच्या मनात येतो. नेदरलँड्समध्ये फ्रान्स फोल्कवोर्ड आणि सहकाऱ्यांनी नेमके हेच तपासले, आणि तो अभ्यास २०१३मध्ये प्रसिद्ध झाला. आठ ते दहा वर्षांच्या मुलांपैकी काहींना गोड खाऊचा जाहिरात-खेळ दिला, काहींना फळांचा, काहींना अन्नाशी संबंध नसलेल्या वस्तूचा, आणि काहींना खेळच दिला नाही. नंतर सगळ्यांसमोर गोड खाऊ आणि फळे दोन्ही ठेवून हवे ते खायला सांगितले. खाऊचा खेळ खेळलेल्या मुलांनी जास्त खाल्ले, हे अपेक्षितच होते. पण फळांचा खेळ खेळलेल्या मुलांनीही जास्त खाल्ले, आणि त्यांनी जे जास्त खाल्ले ते फळ नव्हते, गोड खाऊ होता.

या निष्कर्षाकडे थोडे थांबून पाहायला हवे. खेळाने मुलांना ‘हे खा’ असे शिकवले नाही, त्याने खाण्याची आठवण जागी केली, आणि खाण्याची आठवण झालेले मूल समोरच्या पदार्थांतला सर्वांत गोड पदार्थ उचलते. शाळेत पौष्टिक आहाराचे खेळ आणण्याचा विचार करणाऱ्यांनी म्हणूनच खेळ संपल्यानंतर मुलाच्या हाताशी काय ठेवलेले असेल, याचा विचार खेळाइतकाच गांभीर्याने करावा. मधल्या सुट्टीच्या डब्यात फळ असेल तर फळांच्या खेळाचा काही उपयोग आहे. शेजारी कँटीनमध्ये वेफर्सची पाकिटे लटकत असतील तर तो खेळ त्या पाकिटांच्याच उपयोगी पडण्याची शक्यता मोठी आहे.

‘आम्हीही असेच वाढलो, आमचे काय बिघडले?’

१९८०च्या दशकात पुण्यात वाढलेल्या पिढीला बिग फन बबलगमची क्रिकेटची कार्डे आठवत असतील. धावा आणि बळी साठवायचे, कमी पडले तर आणखी गोळ्या घ्यायच्या, आणि पुरेसे जमले की बक्षीस. ही युक्ती आणि आजच्या खेळातली युक्ती यांचे मूळ एकच आहे, हे मान्य केले पाहिजे. फरक पडला तो प्रमाणात आणि नोंदीत. कार्डांचा साठा मुलाच्या खिशात राहत असे आणि कोणत्या मुलाकडे किती कार्डे आहेत हे कंपनीला कळत नसे. आजचा खेळ मूल किती वाजता खेळले, किती वेळ खेळले, कुठे अडकले आणि कशाच्या लोभाने परत आले याची नोंद ठेवू शकतो आणि त्यानुसार स्वतःला बदलू शकतो. शिवाय मुलालाच प्रचारक बनवण्याची सोय त्यात असते. कायझरच्या त्याच अभ्यासात ६४ टक्के वेबसाइट मुलांना मित्रांना संदेश पाठवून बोलवायला सांगत होत्या. मित्राने पाठवलेल्या आमंत्रणाकडे संशयाने पाहायला कोणते मूल शिकलेले असते?

दुसरा फरक आजूबाजूच्या अन्नाचा आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील पाच वर्षांखालील अतिवजन असलेल्या मुलांचे प्रमाण २०१५-१६मध्ये २.१ टक्के होते, ते २०१९-२१मध्ये ३.४ टक्के झाले. याला खेळ जबाबदार आहेत असे कोणी म्हणू शकत नाही आणि मीही म्हणत नाही. पण ज्या काळात पाकिटबंद खाऊ प्रत्येक गल्लीत पाच-दहा रुपयांना मिळतो, त्या काळात त्याची आठवण करून देणाऱ्या प्रत्येक गोष्टीचे वजन चाळीस वर्षांपूर्वीपेक्षा जास्त असते.

कायदा मिनिटे आणि मीटर मोजतो

या विषयातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा मुद्दा हा आहे. आपल्याकडे मुलांना खाऊच्या जाहिरातींपासून जपणारे नियम आहेत, आणि ते चांगले आहेत. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०२०च्या विनियमांनुसार मीठ, साखर आणि स्निग्धांश जास्त असलेल्या पदार्थांची शाळेच्या आवारात आणि शाळेच्या फाटकापासून ५० मीटरपर्यंत विक्री किंवा जाहिरात करता येत नाही. सदाशिव पेठेसारख्या दाट वस्तीत ५० मीटरमध्ये किती टपऱ्या आणि दुकाने येतात हे पाहिले की हा नियम पाळून घेणे किती अवघड आहे हे कळते, पण निदान टेप घेऊन मोजता येईल अशी ती रेषा आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या जून २०२२च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार चिप्स, फसफसणारी पेये आणि तत्सम जंक फूडची जाहिरात मुलांच्या कार्यक्रमांदरम्यान किंवा केवळ मुलांसाठी असलेल्या वाहिनीवर करता येत नाही. टीव्हीवर तासाला १२ मिनिटांहून अधिक जाहिराती नसाव्यात, असाही नियम आहे.

या सगळ्या नियमांत जाहिरातीला एक जागा आणि एक वेळ गृहीत धरलेली आहे. जाहिरात-खेळाला दोन्ही नाहीत. तो कार्यक्रमादरम्यान लागत नाही, कारण कार्यक्रम तोच आहे. तो शाळेच्या फाटकापासून ५० मीटरवर नसतो, तो कोथरूडच्या दिवाणखान्यात सोफ्यावर असतो, हडपसरहून शाळेत जाणाऱ्या बसमध्ये असतो. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९मधली जाहिरातीची व्याख्या व्यापक आहे आणि तिच्यात इंटरनेटचा स्पष्ट उल्लेख आहे. त्यामुळे असा खेळ जाहिरात ठरू शकतो आणि तो दिशाभूल करणारा असेल तर त्यावर कारवाई होऊ शकते, असे मला वाटते. मुलांसाठीच्या जंक फूडची बंदी मात्र कार्यक्रम आणि वाहिनी या दोन शब्दांपाशी थांबते.

नवे कायदेही या फटीतून खेळाला पलीकडे जाऊ देतात. ऑनलाइन गेमिंगचा कायदा पैसे लावलेल्या खेळांवर बंदी घालतो, आणि इथे कोणी पैसे लावत नाही. वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा २०२३चा कायदा अठरा वर्षांखालील मुलांचा माग काढण्याला आणि त्यांना लक्ष्य करून जाहिराती दाखवण्याला मनाई करतो, आणि मुलांची माहिती घ्यायची तर पालकांची पडताळता येणारी संमती मागतो. नोंदी ठेवण्याबाबत या कायद्याचा मोठा उपयोग होईल. पण सगळ्या मुलांना सारखाच दिसणारा, कोणाचीही माहिती न घेणारा जाहिरात-खेळ त्याच्या कक्षेबाहेर राहतो, कारण त्याला कोणाला लक्ष्य करायची गरजच नसते.

ही अडचण फक्त आपली नाही. ब्रिटनमध्ये ५ जानेवारी २०२६पासून कमी आरोग्यदायी खाद्यपदार्थांच्या पैसे देऊन केलेल्या ऑनलाइन जाहिरातींवर बंदी आली. पण कंपनीची स्वतःची वेबसाइट आणि स्वतःचे अ‍ॅप त्या बंदीतून वगळलेले आहे, कारण तिथे जाहिरातीसाठी कोणाला पैसे दिलेले नसतात. तिथल्या खेळांना मुलांविषयीची जुनी जाहिरात-संहिताच लागू होते. चिलीने २०१६मध्ये अधिक सरळ मार्ग घेतला: साखर, मीठ, उष्मांक किंवा संपृक्त स्निग्धांश ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त असलेल्या पदार्थांची चौदा वर्षांखालील मुलांना उद्देशून जाहिरातच करायची नाही, मग ती कुठेही असो. त्यामुळे सिरियलच्या खोक्यांवरची वाघ-सशांची चित्रेही गेली. जागा आणि वेळ न मोजता जाहिरात कोणासाठी आहे आणि कशाची आहे हे पाहणारा हा नियम आहे, आणि जाहिरात-खेळाला लागू पडेल असा नियम आपल्याकडे करायचा तर तो याच धर्तीवर करावा लागेल.

‘हे तर पालकांनी पाहायचे’

पालकांनी पाहायलाच हवे. पण खेळ मोफत आहे, सौम्य आहे आणि लहान मुलांसाठी योग्य असे मानांकन त्याला मिळालेले आहे, एवढे पाहून पालक समाधान मानत असतील तर त्यात त्यांची चूक नाही. ही मानांकने हिंसा, अश्लीलता, जुगार अशा गोष्टी तपासतात. खेळ काय विकतो यावर त्यांचा भर नसतो. ‘हा खेळ काय विकतो?’ हाच तो सुरुवातीला म्हटलेला तिसरा प्रश्न, आणि त्याचे उत्तर शोधायला पाच मिनिटे पुरतात. अ‍ॅपच्या पानावर खेळ कोणी काढला त्याचे नाव असते. ती खाद्यपदार्थांची कंपनी किंवा तिच्यासाठी काम करणारी संस्था आहे का, ते पाहावे. मग एकदा मुलाशेजारी बसून खेळ खेळावा आणि गुण कशाने वाढतात, कशाने कमी होतात, पुढच्या पातळीसाठी पाकिटावरचा कोड लागतो का आणि मित्राचा नंबर मागितला जातो का, एवढे बघावे. गुणांचा हिशेब मुलाकडूनच समजावून घेतला तर उत्तम, कारण ‘इथे फळाला कमी गुण का असतील रे?’ या प्रश्नावर मुले स्वतः विचार करू लागतात.

खेळात पाणी, फळ किंवा घरचे जेवण यांना हलके ठरवलेले दिसले, किंवा आरोग्याविषयी न पटणारा दावा आढळला, तर त्या दृश्याचा स्क्रीनशॉट, अ‍ॅपचे आणि ते काढणाऱ्या कंपनीचे नाव आणि तारीख जपून ठेवावी. १९८५पासून काम करणाऱ्या भारतीय जाहिरात मानक परिषदेकडे, म्हणजे ‘अ‍ॅस्की’कडे, सामान्य ग्राहकालाही ऑनलाइन तक्रार करता येते. ती उद्योगाची स्वयंनियमन संस्था आहे, त्यामुळे ती जाहिरात बदलायला किंवा मागे घ्यायला सांगते, दंड करू शकत नाही. दंडाचा अधिकार केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला आहे: दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी पहिल्या वेळी १० लाख रुपयांपर्यंत आणि त्यापुढच्या प्रत्येक वेळी ५० लाखांपर्यंत. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ असून तिथे मराठीतूनही तक्रार नोंदवता येते.